वर्षावनात अगदी छोट्या पट्ट्यातच सापडणारे दुर्मीळ पक्षी वाचवायला सामान्य माणूस काय करू शकतो? झाडं लावून उपयोग होईल का?

स्पीकर घरी ठेवा. बाकी सगळं नंतर. हे मी नीलगिरीत स्वतः माती खाऊन शिकलोय.

निलगिरी शोलाकिली हा छोटा पक्षी पालघाट खिंडीच्या (केरळजवळ पश्चिम घाट तुटतो ती रुंद खिंड) उत्तरेला, डोंगरमाथ्यावरच्या शोला जंगलातच (घळींमधलं बुटकं, दाट सदाहरित रान) राहतो. खिंडीच्या दक्षिणेला जातच बदलते. मधला सखल भाग हे पक्षी ओलांडत नाहीत. म्हणजे हुसकावला तर जाणार कुठे?

दाट सावलीत, जमिनीलगत वावरणारा पक्षी, सहजी दिसत नाही. आमच्या टूरवाल्यांनी त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर लावला आणि तो ताडकन समोरच्या शेवाळलेल्या ओंडक्यावर आला. वीस मिनिटं या टोकावरून त्या टोकाला, नसलेल्या शत्रूला शोधत होता. मी धडाधड फोटो काढले. संध्याकाळी खोलीवर फोटो मोठे करून पाहिले, तर चोचीत हिरवी अळी. पहिल्या फोटोत होती, शेवटच्या फोटोतही तीच. पिल्लं जवळच कुठल्यातरी पोकळीत आ वासून बसली असणार.

जेवताना विषय काढला. "अहो, वीस मिनिटांनी काय होतंय? लोक पैसे भरून आलेत." आठ जणांत माझ्या बाजूने एकही बोललं नाही. (त्याच फोटोला नंतर सगळ्यात जास्त लाइक मिळाले, तेही सांगून टाकतो.) एकट्या आमच्या टूरने कदाचित काही झालं नसतं. पण पट्टा छोटा म्हटल्यावर जागाही ठरलेल्या: तेच वळण, तोच ओंडका, आणि दर शनिवार-रविवारी नवा स्पीकर.

झाडांचं म्हणाल तर कृपा करून डोंगरमाथ्यावर काही लावू नका. तिथलं गवत म्हणजे रिकामी जागा समजून निलगिरी (झाड, डोंगर नव्हे) आणि ऑस्ट्रेलियातला वॅटल लावला. वॅटल आता आवरत नाही, आणि गवतात राहणाऱ्या निलगिरी तिरचिमणीची जागा गेली. ही परकी झाडं काढून शोला आणि गवत दोन्ही राखणं हे खरं काम, पण ते वनखात्याचं आणि तिथल्या लोकांचं.

संशोधक परवानगी काढून मोजणीसाठी आवाज लावतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच त्या वळणावर जाऊन उभा राहिलो. पायाला जळवा लागल्या. उजाडता उजाडता दोन पक्षी आपणहून गायले, एक झुडपाआडून, एक वरच्या अंगाला. दिसला एकही नाही. टूरवाले तेव्हा स्पीकर चार्जिंगला लावून चहा पीत होते.