विहिरीत पोहता येतं, मग ट्रायथलॉन जमेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी कराडचा, वय 54, हायस्कूलला शिक्षक आहे. रोज सकाळी 5 किमी जॉगिंग करतो, सायकल पण चालवतो अधूनमधून. मित्राचा मुलगा कोल्हापूरला राजाराम तलावात पोहून बर्गमन नावाची ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं सलग असलेली शर्यत, करून आला तेव्हापासून माझ्याही मनाने घेतलंय. लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलोय, पण परवा टँकमध्ये उतरलो तर पलीकडे पोचेपर्यंतच धाप लागली. बीपीची गोळी चालू आहे. बायको म्हणते या वयात हे काय नवीन खूळ. पुढच्या वर्षी गोव्याची हाफ आयर्नमॅन जमेल का?

उत्तर : सर, ट्रायथलॉन जमेल, पण पुढच्याच वर्षी हाफ आयर्नमॅन नको. हाफ म्हणजे 1.9 किमी पोहणं, मग 90 किमी सायकल आणि वर 21.1 किमी धावणं, सगळं सलग, आणि गोव्यात 2019 ला ही सुरू झाली तेव्हापासून पोहणं समुद्रातच असतं. आधी स्प्रिंट म्हणजे छोटी ट्रायथलॉन करा, 750 मीटर पोहणं, 20 किमी सायकल, 5 किमी धावणं. त्यातलं धावणं तुमचं आजच होतंय, सायकलचा सराव दोनेक महिन्यात होऊन जाईल, खरा वेळ द्यायचाय तो पोहण्याला.

आणि ती धाप वयामुळे नाही हो लागत. विहिरीत शिकलेली आपल्याकडची बहुतेक माणसं डोकं वर ठेवूनच पोहतात, डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात आणि मग सगळं अंग तिरकं पाण्यातून ओढत न्यायचं म्हणजे ताकद जाणारच. टँकमध्ये बाकीच्यांचं बघून तोंड पाण्यात घालावं तर तेव्हा श्वास रोखून धरला जातो, मग तोंड बाहेर आल्यावर त्या अर्ध्या क्षणात सोडायचा पण आणि घ्यायचा पण, ते होत नाही, छाती भरून येते आणि जीव घाबरतो. म्हणून पहिले पंधरा दिवस लांब पोहूच नका. टँकच्या कडेला धरून तोंड पाण्यात, नाकातून हळूहळू बुडबुडे सोडत राहायचं, मग मान वर न उचलता बाजूला वळवायची, श्वास घ्यायचा, परत तोंड आत. दिसायला पोरखेळ वाटतो पण सगळं पोहणं यावरच उभं आहे. शक्य असेल तर कोच लावाच, आपला हात कुठे चुकतोय ते आपल्याला दिसत नाही.

टँकमध्ये न थांबता 750 मीटर व्हायला लागले की मगच तलाव. तिथे तळाला काळी पट्टी नाही, धरायला भिंत नाही, त्यामुळे दर सहा-आठ वेळा हात मारल्यावर डोळे जरा वर काढून समोरचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, बघायची सवय लावावी लागते. एकट्याने कधीच उतरायचं नाही, कंबरेला रंगीत फ्लोट हवाच. स्पर्धेत घाबरल्यासारखं झालं तर उताणं होऊन तरंगा, हात वर करा, मदतीला असलेली कयाक म्हणजे छोटी होडी धरून दम घेतलेला चालतो, फक्त ती धरून पुढे सरकायचं नाही.

बीपीचं मात्र मी हलक्यात घेणार नाही. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास 2017 ला आला, 1985 ते 2016 या काळातला, त्यात सगळ्यात जास्त घटना पोहण्याच्या टप्प्यात होत्या, आणि पुरुषांमध्ये वय वाढेल तसा धोका वाढत होता. त्यामुळे वहिनींची काळजी रास्तच आहे, त्यांनाच सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, काय करायचंय ते स्पष्ट सांगा आणि स्ट्रेस टेस्टचं, म्हणजे व्यायाम करायला लावून हृदय तपासतात त्याचं, विचारा. गोळी बीटा ब्लॉकर या प्रकारातली असेल तर ठोके मुळातच कमी राहतात, मग घड्याळातल्या हार्ट रेटवर जाऊ नका, पळताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा. गोळी मनाने बंद करायची नाही.

बाकी वयाचं म्हणाल तर सिस्टर मॅडोना बुडर या अमेरिकन ननने पहिली ट्रायथलॉन 52 व्या वर्षी केली आणि 2012 ला 82 व्या वर्षी कॅनडात फुल आयर्नमॅन, म्हणजे हाफच्या दुप्पट, पूर्ण केली. पन्नाशीनंतर शरीर भरून यायला वेळ जास्त घेतं एवढं खरं, म्हणून दोन कष्टाचे दिवस पाठोपाठ नकोत, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलाच, गुडघे त्यावरच टिकतात.

प्रश्न : ताई, मी 47 वर्षांची, नाशिकला असते. स्प्रिंटला नाव दिलंय. मुलाची गिअरची हायब्रीड सायकल चालेल की रोड बाईक, म्हणजे शर्यतीची हलकी सायकल, घ्यायलाच हवी?

उत्तर : चालेल की! 20 किमीसाठी लाखभर रुपये कशाला घालवायचे, आधी एक स्पर्धा होऊ दे. फक्त सीटची उंची तुमच्या मापाची करून घ्या, पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा, आणि ब्रेक दुकानात दाखवून आणा. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या दहा मिनिटं पळा, सुरुवातीला पाय लाकडासारखे जड होतात ते त्याशिवाय सवयीचं होत नाही. आणि हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरून सायकल काढायची नाही हा नियम आहे, पेनल्टी बसते, तेव्हा ओल्या हातांनी तो पट्टा लावायचा सराव घरीच करून ठेवा.