‘रिव्होक’ म्हणजे मनाई का?

धुळ्याच्या एका वाचकाने विचारलंय: डेटाबेसवरच्या मराठी टिपणात ‘ग्रँट’ या आज्ञेला ‘अनुदान’ आणि ‘रिव्होक’ या आज्ञेला ‘मनाई’ लिहिलंय, चालेल का?

‘अनुदान’ तर नकोच. ते पैशाचं. आपल्याकडे शिक्षकमंडळी ‘शाळेला ग्रँट आली का’ म्हणतात ते हेच. डेटाबेसमध्ये मिळतो तो अधिकार, म्हणून ‘अधिकार देणे’ लिहावं. ‘बहाल करणे’ चुकीचं नाही, पण एक टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, वाचू देण्यासाठी एवढा दरबारी थाट कशाला?

खरा घोळ ‘मनाई’त आहे. समजा, रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ‘काटापावती’ नावाचं टेबल आहे. ते वाचायचा अधिकार मालकाने कारकुनाला दिलाय, आणि मागे कधीतरी ‘पब्लिक’ला, म्हणजे सगळ्याच वापरकर्त्यांनाही दिलाय. आता मालक लिहितो, ‘रिव्होक सिलेक्ट ऑन काटापावती फ्रॉम कारकून’ (‘सिलेक्ट’ म्हणजे वाचायचा अधिकार). आज्ञा बिनतक्रार चालते आणि कारकून खुशाल पावत्या वाचत राहतो! कारण रिव्होक फक्त दिलेलं परत घेतं; दुसऱ्या वाटेने मिळालेल्याला हात लावत नाही. म्हणून ‘काढून घेणे’ हाच नेमका शब्द. अहिराणीत तर ‘काढी ले’ म्हटलं की झालं.

मनाई ही वेगळीच चीज आहे. एस्क्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तिच्यासाठी ‘डिनाय’ ही स्वतंत्र आज्ञा आहे, आणि गटामार्फत मिळालेला अधिकारही ती अडवते. गंमत म्हणजे डिनायला ‘टू’ लागतं, तर रिव्होकला प्रमाण एस्क्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आज्ञांच्या प्रमाण भाषेत, ‘फ्रॉम’. मराठीतही कारकुनाला मनाई करतात, पण अधिकार कारकुनाकडून काढून घेतात. विभक्तीच सांगते कुठला शब्द कुठे बसतो ते.

‘रद्द करणे’ही टाळलेलं बरं. परवाना रद्द होतो, कारण तो कागदच बाद होतो. ‘कारकून रद्द’ वाचून कोणी त्याचं खातंच उडवायचं.

जाता जाता ‘विथ ग्रँट ऑप्शन’बद्दल. त्याला ‘पुढे देण्याच्या मुभेसह’ म्हणता येईल. मालकाने मुनीमजींना अशा मुभेसह अधिकार दिला, त्यांनी तो पुतण्याला दिला. पोस्टग्रेसमध्ये मालक पुतण्याकडून तो थेट काढून घेऊ शकत नाही, कारण पुतण्याला देणारा तो नव्हे. मुनीमजींकडून काढू गेलं, तर पुढची साखळी असल्याने साधं रिव्होक नकार देतं. शेवटी ‘कॅस्केड’, म्हणजे ‘पुढच्या साखळीसकट’, असं लिहावं लागतं, मग दोघांचाही जातो. मायएस्क्यूएल या आणखी एका डेटाबेसमध्ये उलट: मुनीमजींचा गेला तरी पुतण्याचा राहतो. तिथे त्याच्या नावाने वेगळं रिव्होक चालवायचं.