श्वासातला खंड आणि ऑक्सिजनचा आकडा

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे, वजन ९८ किलो. रात्री घोरता घोरता एकदम गप्प होतात, वीसेक सेकंद छाती नुसतीच हलते, मग दचकून मोठा श्वास घेतात. बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितलं, तर आकडा ९५ वरून ८६ वर आला आणि पुन्हा चढला. गंमत म्हणजे मी बसून तीस सेकंद श्वास रोखला, तर माझा ९८ हललासुद्धा नाही. यंत्र बिघडलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : यंत्राला बोल लावू नका. तुम्ही दोघांनी श्वास थांबवला खरा, पण थांबवताना छातीत किती हवा होती, ते बघा. तुम्ही छाती भरून घेतली होती, म्हणजे चार-पाच लिटर हवा. यजमानांचा श्वास अडतो तो बहुधा उच्छ्वास संपता संपता. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर उभ्या माणसाच्या फुप्फुसांत साधारण अडीच लिटर हवा उरते, आणि तिच्यात ऑक्सिजन जेमतेम साडेतीनशे मिलिलिटर असतो. स्वस्थ पडलेलं शरीरसुद्धा मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन खर्च करतं.

त्यात आडवं झालं की पोट श्वासपटलाला वर ढकलतं आणि ही शिल्लक अर्धा ते एक लिटरने घटते. पोट सुटलेलं असेल तर आणखीच. उताणं झोपलं की फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागातल्या बारीक वायुनलिका मिटतात. तिथून रक्त वाहतं, पण ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. थोडक्यात शिल्लक कमी, आणि शरीर मोठं म्हणून खर्च जास्त.

आकडा एकदम का कोसळतो, तेही सांगायला हवं. रक्तातला ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० मिलिमीटरपर्यंत (पाऱ्याच्या मापात) उतरला, तरी ऑक्सिमीटर ९८ वरून ९० वरच येतो. तिथून पुढे मात्र कडा आहे : दाब ४० झाला की आकडा ७५ च्या आसपास. ९५ वर असलेला माणूस त्या कड्याच्या तुमच्यापेक्षा जवळ असतो. शिवाय दोन-तीन श्वासांत साठा पुरता भरण्याआधीच पुढचा खंड आला, तर दर वेळी घसरण थोडी अधिक खोल जाते.

छाती हलते पण घोरण्याचा आवाज नाही, याचा अर्थ घसा मिटलाय. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबला की तो खंड धरतात. तासाला असे खंड आणि अर्धवट अडलेले श्वास मिळून ५ ते १५ असतील तर झोपेत श्वास अडण्याचा हा आजार (स्लीप ॲप्निया) सौम्य, ३० च्या वर गेले तर तीव्र. ही मोजणी ऑक्सिमीटरवर होत नाही, त्यासाठी स्लीप स्टडीच, म्हणजे झोपेतला श्वास नोंदवणारी तपासणीच लागते. ती लवकर करून घ्या. फोनवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. बोटावरचा आकडा वीस-तीस सेकंद, कधी त्याहूनही उशिरा बदलतो, त्यामुळे ८६ दिसतो तेव्हा ते बहुधा पुन्हा श्वास घेऊ लागलेले असतात.

तोवर कुशीवर झोपवा. डोक्याकडची बाजू उंच करायची तर कमरेपासून करा. नुसत्या मानेखाली दोन उशा रचल्या की हनुवटी छातीला टेकते आणि घसा आणखी आवळतो. दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या बंद. सीपॅप (मुखवट्यातून दाबाने हवा देणारं यंत्र) सुचवलं तर घाबरू नका : त्याचा दाब घसा उघडा ठेवतो आणि छातीतली शिल्लक हवाही वाढवतो. घरी ऑक्सिजन यंत्र आणून नळी लावणं हा मात्र उपाय नव्हे. आकडा छान दिसेल, श्वास अडतच राहील, आणि काही जणांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड धोकादायक वाढेल. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, तर हे सगळं भूलतज्ज्ञांना आधी सांगा.

प्रश्न : प्राणायामातल्या बाह्य कुंभकात (श्वास सोडून रोखल्यावर) माझा आकडा लवकर उतरतो, आंतर कुंभकात (श्वास भरून रोखल्यावर) मात्र टिकतो. आधी भस्त्रिका (जोरजोरात, भराभर श्वास) केली तर कुंभक जास्त वेळ जमतो. म्हणजे ऑक्सिजन वाढतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्याचं कारण वरचंच. आंतर कुंभकात पाचेक लिटर हवा हाताशी असते, बाह्य कुंभकात श्वास पूर्ण बाहेर टाकल्यावर सव्वा-दीड लिटरच.

भस्त्रिकेने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण ९८ वर असलेल्या रक्ताला आणखी भरायला जागाच नसते. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घेण्याची तगमग मुख्यतः त्याच्यामुळे होते, म्हणून ती उशिरा लागते. ऑक्सिजन मात्र आपल्या गतीने उतरतच असतो. बैठकीवर चक्कर आली तर माणूस कलंडतो आणि आपोआप श्वास घेऊ लागतो. तलावात किंवा नदीत बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतले, तर तगमग लागण्याआधीच पाण्याखाली शुद्ध हरपते आणि पुढचा श्वास पाण्याचा असतो. पोहणाऱ्या मुलांना हे आजच सांगा.