फोन आणि साध्या कीबोर्डवर पहाटेचं शांत संगीत करता येईल का? ते लोकांना कसं ऐकवायचं?

तुम्ही विचारलंय की हाताशी फोन आणि एक साधा कीबोर्ड एवढंच असताना पहाटेच्या वातावरणाचं संथ, शांत संगीत (ज्याला अँबियंट म्हणतात) घरी करता येईल का, आणि केलंच तर ऐकवायचं कुणाला. करता येतं. मी सोलापुरात पूर्व भागात राहते, हेच करते आणि या कामावर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सगळ्यात आधी, इंटरनेटवर 'पहाट' म्हणून मिळणारी बासरी आणि ओढ्याची झुळझुळ बाजूला ठेवा. आपल्या गल्लीची पहाट ऐका. आमच्याकडे पहाटे कुणाच्या दारात खराटा चालू असतो, सडा पडत असतो, दोघी जणी तेलुगूत बोलत असतात. लांबून फजरची अजान येते, कुठल्याशा कारखान्यात रात्रपाळीचे यंत्रमाग चालू असतात, मुंबईहून येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस भोंगा देते. एवढे आवाज असूनही ती वेळ शांत वाटते. याचं कारण मी बरेच दिवस शोधत होते. मला वाटतं, ते अंतरात आहे. पहाटे लांबचे आवाज स्पष्ट येतात आणि जवळ फारसं काही वाजत नसतं. दिवसा बरोबर उलट होतं.

याला भौतिकशास्त्राचा आधारही आहे. रात्रभर जमीन निवत जाते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची तुलनेने उबदार राहते. अशा हवेत आवाज वर निघून न जाता खाली वळतो. त्यात वारा पडलेला आणि रस्ते रिकामे, म्हणून स्टेशनचा भोंगा थेट गच्चीवर येतो. ऊन चढून जमीन तापली की हे सगळं संपतं, आणि सोलापुरात उन्हाळ्यात ते फार लवकर संपतं. मे महिन्यात सूर्योदय सहाच्या आतच होतो, जानेवारीत सातच्या सुमाराला. रेकॉर्डिंग त्याच्या पाऊण तास आधी सुरू केलेलं बरं. दयाळ पक्षी अंधारातच गायला लागतो, तांबट पक्ष्याची टुकटुक त्यानंतरची.

तेव्हा संगीतातही हेच अंतर आणायचं: जवळचा आवाज एक, फार तर दोन, बाकी सगळे लांबचे. आवाज लांब न्यायचा म्हणजे नुसता बारीक करून भागत नाही. हवेत वरच्या फ्रिक्वेन्सी (उंच, तीक्ष्ण सूर) आधी विरतात, म्हणून त्या कापायच्या. सुरुवातीचा ठोका बोथट करायचा. रिव्हर्ब (मोठ्या जागेत आवाज घुमल्याचा परिणाम) वाढवायचा आणि मूळ आवाज त्यात जवळजवळ बुडवायचा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्या कामाला पुरतं.

यंत्रमागाचंच उदाहरण घ्या. धोटा (आडवा धागा नेणारा तुकडा) एका कडेवरून दुसऱ्या कडेला फेकला जातो तो खट्ट आवाज, पाठोपाठ फणीचा ठोका. कारखान्याच्या दारात उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तोच आवाज मी दोन गल्ल्या पलीकडून, गच्चीवरून घेतला, वेग निम्मा केला (त्याने तो एक सप्तक खाली उतरतो) आणि एक हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं काढून टाकलं. जे उरलं ते कुणी झोपत्या बाळाला थोपटावं तसं वाजतं. माझ्या एका पूर्ण रचनेचा पाया तोच आहे.

जवळच्या आवाजासाठी माझी आवड म्हणजे घागर. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येईल त्या पहाटे गल्लीभर मोटारी सुरू होतात आणि लांबचं काहीच मिळत नाही. मग मी घरातच घागर भरतानाचा आवाज घेते. पाणी चढतं तशी वरची हवेची पोकळी आखूड होते आणि सूर चढत जातो. काठाशी येताना तो अगदी पातळ होतो. तेवढा एक तुकडा बारा-पंधरा मिनिटांच्या रचनेत एकदाच ठेवून बघा. ऐकणारा हमखास थबकतो.

फोनवर रेकॉर्ड करताना एमपीथ्रीऐवजी डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता पूर्ण साठवणारी) फाइल देणारं ॲप निवडा आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंद करा, नाहीतर शांत क्षण आला की ती नुसती खरखर वर आणते. सगळ्यात मोठा आवाजही ॲपच्या मोजपट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या (शून्य म्हणजे कमाल, त्यापुढे आवाज फाटतो). फोन थेट कठड्यावर ठेवू नका, बांधकामातून येणारी थरथर त्यात उतरते. चार पदरी घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. टॉवेलला आमच्याकडे तोटा नाही. वाऱ्यासाठी माइकवर फरचं टोपडं हवंच. गच्चीचा कंटाळा आला तर सिद्धेश्वर तलावाच्या काठी, भुईकोट किल्ल्याच्या बाजूला जाते. तिथे पाण्याची चुळबुळ, देवळातली घंटा आणि किल्ल्यातल्या झाडांवरचे पक्षी एकाच जागी मिळतात. फक्त संक्रांतीच्या दिवसांत, गड्डा यात्रेच्या वेळी, तिकडे रेकॉर्डिंगला जाण्यात अर्थ नाही. आणि पक्षी बोलावा म्हणून फोनवर त्याचाच आवाज लावू नका. तो आपली हद्द राखायला धावून येतो, त्याची दमछाक होते.

आता सूर. पहाटेचे राग आपल्याकडे आयते आहेत, पण कीबोर्डवर राग वाजवायला जाऊ नका. भैरवातलं कोमल रिषभ-धैवताचं आंदोलन (सुराचं हळुवार झुलणं) साध्या कीबोर्डच्या पट्टीत येतच नाही. मी ललितच्या आसपास राहते: सा, कोमल रे, शुद्ध ग आणि दोन्ही मध्यम. पंचम नाही. दोन मध्यम शेजारी आले की जो अर्धवट उजाडल्याचा भाव येतो, तो मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. तानपुरा ॲपवर लावलात तर पहिली तार पंचमाऐवजी मध्यमावर ठेवा. ओळखीत कुणाकडे खरा तंबोरा असेल तर तो दहा मिनिटं रेकॉर्ड करून आणा. मिरज आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जवारी (तारेचा गुंजता नाद) नीट लावलेल्या तंबोऱ्यासमोर कुठलंही ॲप फिकंच पडतं.

रचना करण्याची माझी आवडती रीत जुनी आहे. 'अँबियंट' हे नाव १९७८ साली रूढ करणाऱ्या ब्रायन ईनो यांनी वेगवेगळ्या लांबीच्या टेपची वेटोळी एकाच वेळी फिरवून संगीत केलं होतं. तेच आज फोनवरही जमतं. एक सूर १७ सेकंदांच्या तुकड्यात ठेवा, दुसरा २३ च्या, तिसरा २९ च्या, प्रत्येक तुकड्यात बहुतेक जागा मोकळी सोडा आणि तिन्ही पुन्हापुन्हा फिरत राहतील असे एकदम चालू करा. या तीन आकड्यांना एक सोडून दुसरा समान भाजक नाही, त्यामुळे तिघं पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला ११,३३९ सेकंद, म्हणजे तीन तासांहून जास्त वेळ लागतो. तोवर दर खेपेला सुरांची गाठ नव्याने पडते. मी त्यातला पटलेला पंधरा-वीस मिनिटांचा भाग ठेवते. ठेका, तबला, ढोल काही घालत नाही. शेवटी एक फेरी फक्त काढून टाकण्याची करते आणि खरं सांगायचं तर त्यातच सर्वांत जास्त वेळ जातो.

लोकांपर्यंत नेण्याबद्दल माझी मतं ठाम आहेत. आधी ओळखीच्या पाच-सहा जणांना पाठवा, तेही व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे फाइल आहे तशी जाते. मी रात्रपाळी करून येणाऱ्यांना पाठवते, कारण त्यांना हे संगीत झोपेसाठी लागतं आणि ते स्पष्ट बोलतात. मग बँडकॅम्प, म्हणजे कलाकारांना आपलं संगीत थेट विकता येतं ती वेबसाइट. तिथे पूर्ण दर्जाची फाइल देता येते, किंमत ऐकणाऱ्यावर सोडता येते, आणि डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा ते घेतात. यूट्यूबवर जरूर टाका, पण मध्येच जाहिरात वाजली तर सगळं मुसळ केरात, म्हणून मुख्य दुवा तो ठेवू नका. स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या ट्रॅकला मानधन मिळत नाही, तेव्हा पैशाच्या आशेने तिकडे घाई नको. तिथे आवाजाची सरासरी पातळी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक) जवळ आणली जाते. आपण त्यासाठी आपलं संगीत दाबून मोठं करायचं नाही. माझं उणे १८-२० च्या आसपास असतं आणि तसंच राहू देते.

माणसांच्या आवाजाला मात्र जपा. दारी येणारा वासुदेव म्हणतो ती गाणी परंपरेची असली तरी त्याचं गाणं ही त्याची कला आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली सादर करणाऱ्याला हक्क आहे. त्याला विचारा, काय करणार ते सांगा, पैसे द्या, तयार झाल्यावर ऐकवा. शेजारणींचं बोलणं घेतलं तर त्यांनाही विचारा किंवा शब्द कळणार नाहीत इतकं धूसर करा. अजान किंवा आरती सजावट म्हणून कापून-ताणून वापरू नका. जिथे जशी आली तिथे तशी, लांब, राहू द्या. लाउडस्पीकरवर वाजणाऱ्या भक्तिगीतांच्या कॅसेट-सीडी कुणाच्या तरी मालकीच्या असतात, त्या रेकॉर्डिंगमध्ये आल्या तर यूट्यूब दावा लावतं. तो भाग सोडून द्या.

आणि कच्चं रेकॉर्डिंग पुसू नका. ठिकाण, महिना, वेळ आणि ऐकू येणारे पक्षी लिहून ते फ्रीसाउंड या आवाजांच्या देवाणघेवाणीच्या वेबसाइटवर 'श्रेय द्या आणि वापरा' या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली टाका. तुमचं पहिलं रेकॉर्डिंग झालं की त्याचा दुवा खाली प्रतिक्रियेत द्या, मी नक्की ऐकेन.