अंगठीवर वाजतो, मग ओढ्यात का वाजत नाही?

सोनं शोधण्यासाठी घेतलेल्या मेटल डिटेक्टरबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सुरुवातीच्या किमतीतला, ६.५ किलोहर्ट्झचा डिटेक्टर घेतला आहे. पलंगावर अंगठी ठेवली तर वीतभर उंचीवरून खणखणीत वाजतो. खानापूर भागातल्या मामांच्या रानातल्या ओढ्यात मात्र दोन दिवसांत मातीची कुरकुर आणि गंजके खिळे एवढंच मिळालं. यंत्र खराब आहे का? – एक वाचक, निपाणी

यंत्र बहुतेक ठीक आहे. फसवते आहे ती अंगठी.

डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची गोल चकती, बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं उलट क्षेत्र कॉइलला कळतं. अंगठी म्हणजे प्रवाहाला फिरायला आयतं मिळालेलं बंद कडं, म्हणून तिचा आवाज वजनाच्या मानाने फार मोठा येतो. तीच अंगठी एका जागी कापली की आवाज लगेच उतरतो. उलट बाजूने पाहा : तोळाभराची बारीक कड्यांची साखळी कॉइलखाली धरली तर यंत्र कुरकुरतं किंवा गप्प राहतं, कारण त्याला तोळा दिसत नाही, सुटी सुटी इवलीशी कडी दिसतात. ओढ्यातलं नैसर्गिक सोनं अंगठीसारखं नसतं. ते खडबडीत कण किंवा चपट्या टिकल्यांच्या रूपात असतं आणि बहुतेक वेळा गुंजेपेक्षाही हलकं.

म्हणून चाचणी शिशावर करा. शिसं सोन्यापेक्षा हलकं आहे, त्यामुळे त्याच वजनाचा तुकडा आकाराने मोठा होतो. पण त्याची वीजवहनक्षमता कमी असते. दोन्ही गोष्टी एकमेकींना बऱ्यापैकी सांभाळून घेतात आणि छोट्या शिशाचा आवाज छोट्या सोन्याच्या जवळ जातो. एअरगनचा .१७७ मापाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे चार गुंजांचा असतो. तो आतून पोकळ असतो, तेव्हा हातोडीने ठोकून त्याची घट्ट गोळी करा. दुसरा छर्रा ठोकून त्याचे चार तुकडे केले की गुंजभराचा, ०.१२ ग्रॅमचा नमुना मिळतो. मासेमारीच्या जाळ्याच्या शिशातून मासाभराचा, म्हणजे जवळपास एक ग्रॅमचा तुकडा कापा. सोनाराकडच्या काट्यावर तिन्ही तोलून घ्या. शिसं विषारी आहे, हात साबणाने धुवा आणि तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आधी हवेतली चाचणी. घरात नको; स्लॅबमधल्या सळ्या आणि पलंगाचे खिळे गोंधळ घालतात. परसात प्लॅस्टिकच्या स्टुलावर यंत्र असं ठेवा की कॉइल आडवी, हवेत राहील. हातातली अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा, मोबाइल लांब ठेवा. लाकडी पट्टीच्या टोकाला तुकडा चिकटवून कॉइलवरून डावीकडून उजवीकडे आणि परत न्या. ही यंत्रं हालचालीवर चालतात. दोन्ही स्थिर असतील तर आवाज येणारच नाही. पाचपैकी पाच वेळा, दोन्ही दिशांनी वाजलं तेच अंतर लिहायचं. एकदा वाजलं, दोनदा नाही, ते मोजायचं नाही. नऊ-दहा इंची कॉइल आणि ६ ते ८ किलोहर्ट्झ असेल तर मासाभराचा तुकडा साधारण आठ-दहा सेंटिमीटरवर आणि छर्रा चार-पाच सेंटिमीटरवर कळावा. गुंजभराचा तुकडा कॉइलला जवळजवळ टेकवल्यावर कळेल, किंवा कळणारच नाही. हा यंत्राचा बिघाड नाही. बारीक तुकड्यातला प्रवाह फार लवकर विरतो, तो पकडायला जास्त फ्रिक्वेन्सी लागते, म्हणजे क्षेत्र सेकंदाला जास्त वेळा बदलावं लागतं; किलोहर्ट्झचा आकडा तेच सांगतो. म्हणूनच खास सोन्यासाठी बनवलेल्या यंत्रांत मायनलॅब गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५, तर फिशर गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर चालतं.

अंतराचा हिशोबही कडक आहे. तुकडा कॉइलपासून दूर असताना अंतर दुप्पट झालं तर परत येणारा इशारा ६४ पटींपर्यंत क्षीण होतो. त्यामुळे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची तीक्ष्णता, वाढवून खोली दुप्पट होईल ही आशा सोडा.

खरी परीक्षा मातीतली. खड्डा खणून तुकडा पुरू नका. उकरलेली, भुसभुशीत माती वेगळं वागते आणि निकाल बिघडतो. त्याऐवजी जिथे शोधणार त्याच मातीतल्या बांधाची उभी कापलेली कड निवडा. वरच्या पृष्ठभागापासून ५, १० आणि १५ सेंटिमीटर खाली, एकमेकींपासून हातभर अंतरावर, पहारीने आडवी भोकं पाडा, निदान ४० सेंटिमीटर आत. प्रत्येकात अर्धा इंची पीव्हीसी पाइप सरकवा. पहार लांब नेऊन ठेवा, ती जवळ राहिली तर सगळी चाचणी वाया. आधी तिन्ही रिकाम्या पाइपांवरून कॉइल फिरवा; तिथेच आवाज आला तर जागा बदला. मग बांबूच्या काडीच्या टोकाला तुकडा चिकटपट्टीने बसवून आत ढकला. तुकडा आत आहे की नाही हे दुसऱ्याने ठरवावं आणि यंत्र धरणाऱ्याला सांगू नये. दहा फेऱ्या करा, वहीत लिहा. माहीत असलेल्या जागी कान आवाज तयार करतात, म्हणून ही काळजी.

जांभ्याच्या लाल मातीत हवेतल्या अंतराच्या निम्मं मिळालं तरी समाधान माना.

प्रश्न : लाल मातीत कॉइल टेकवली की सारखा आवाज येतो. सेन्सिटिव्हिटी कमी केली की यंत्र शांत होतं, पण मग तुम्ही सांगता तसा छर्राही ऐकू येत नाही. – खानापूर

जांभ्यात आणि त्याच्या मातीत लोहाचे ऑक्साइड भरपूर असतात, त्यांतले काही चुंबकीय. यंत्राला ही सगळी जमीनच धातूसारखी भासते. हा भास वजा करण्याच्या सोयीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. स्वस्त यंत्रांत तो बहुधा कारखान्यात एकदाच ठरवलेला असतो. गॅरेट एस २५० असाच. तपासायचं असं : धातू नसलेल्या जागी कॉइल गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीलगत आणा, परत उचला, आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी खाली येताना आवाज होत असेल तर यंत्राचा बॅलन्स तुमच्या मातीशी जुळत नाही. बॅलन्सचं बटण असेल तर याच क्रियेत आवाज मरेपर्यंत जुळवा. नसेल तर कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, पण एकाच उंचीवर राखा आणि सावकाश फिरवा. छोटी, पाच-सहा इंची कॉइल मिळत असेल तर घ्या. ती एका वेळी कमी माती पाहते, म्हणून गोंधळही कमी आणि बारीक तुकड्याला जास्त तीक्ष्ण.

भाजलेल्या मातीपासून सावध राहा. उष्णतेने मातीतलं लोह जास्त चुंबकीय होतं. जुन्या गुऱ्हाळाचं चुलवाण, वीटभट्टीची जागा, कौलांचे तुकडे यांवर यंत्र धातूसारखंच वाजतं. बोअरची मोटर चालू असली किंवा विजेच्या तारांखाली उभे असलात तर आवाज जमिनीचा नसून विजेचा असतो. कॉइल हवेत स्थिर धरा. तरीही कुरकुर चालूच असेल तर जागा बदला.

आणि लोखंड गाळण्याची सोय, डिस्क्रिमिनेशन, बंद ठेवा. लाल मातीतलं छोटं सोनं पडद्यावर बहुधा लोखंडाच्या किंवा चांदीच्या कागदाच्या आकड्यांत दिसतं. गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी आणि बैलाच्या नालेचा खिळा उकरायची तयारी नसेल तर सोनंही हाती लागणार नाही.

प्रश्न : कॉइल झुडपाला लागली की खोटा आवाज येतो. – बेळगाव

केबल सैल असेल. ती दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, कॉइलजवळ थोडी ढील ठेवा. कॉइलच्या झाकणात साचलेली लाल माती धुऊन काढा.

प्रश्न : हिरण्यकेशी नदीच्या नावातच सोनं आहे. तिच्या वाळूत शोधावं का? – संकेश्वर

नाव सुंदर आहे, पण नदी आंबोलीकडून येते ती प्रामुख्याने काळ्या बेसाल्टवरून. कर्नाटकातलं सोनं आहे धारवाड समूहाच्या फार जुन्या शिस्ट (पापुद्र्यांच्या खडकाच्या) पट्ट्यांत, गारगोटीच्या शिरांमधे : रायचूरचं हट्टी, गदगचा कप्पतगुड्ड, आणि २००१ साली बंद झालेली कोलारची खाण. हट्टीसारख्या खाणीतही टनभर दगडात सोनं काही ग्रॅमच असतं, तेही बहुधा डोळ्यांना न दिसणारं; त्यावर डिटेक्टर वाजत नाही. नदीच्या वाळूतली धूळही यंत्राला कळत नाही. तिथे परात आणि पाणीच लागतं. वाळूत चमकणारा कण सुईच्या टोकाने दाबून पाहा : अभ्रक असेल तर पापुद्रे सुटतात, सोनं मात्र नुसतं दबतं.

प्रश्न : तीस मीटर खोलवरचं सोनं दाखवणारं, फिरत्या अँटेनाचं यंत्र घेऊन एक जण गावात आला आहे. खोदाईआधी आगाऊ रक्कम मागतो. – चिकोडी तालुका

एक पैसाही देऊ नका. हातात सैल धरलेली अँटेना मनगटाच्या नकळत हालचालीने फिरते. इतक्या खोलवरचं सोनं ओळखणारं असं कोणतंही हातयंत्र नाही. तरी घरच्यांची खात्री पटवायची असेल तर दहा सारख्या डब्यांतल्या एकात तुमचं सोनं ठेवा. कुठला डबा ते चिठ्ठी काढून ठरवा, ठेवणाऱ्याने तिथून निघून जावं आणि मग यंत्रवाल्याला ओळखू द्या. असं दहा वेळा. निव्वळ अंदाजानेही सरासरी एकदा बरोबर येईल. चार किंवा त्याहून जास्त वेळा योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात एखादीच. खरं यंत्र दहापैकी दहा वेळा ओळखेल. तो या परीक्षेला नाही म्हणाला तर तेही उत्तरच.

प्रश्न : स्वतःच्या रानात शोधायला परवानगी लागते का? – खानापूर

शिशावर चाचणी करायला नाही. पण उताऱ्यावर तुमचं नाव असलं तरी जमिनीखालचं सोनं हे खनिज आहे आणि खाण व खनिज कायदा, १९५७ नुसार त्याचं पूर्वेक्षण, म्हणजे शोधकाम, परवान्याशिवाय करता येत नाही. जंगलात, भीमगड अभयारण्यात आणि हलशीसारख्या ठिकाणच्या संरक्षित देवळांच्या आवारात यंत्र नेऊच नका. जुनी नाणी किंवा दागिने निघाले तर कर्नाटकचा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, १९६२ चा कायदा लागू होतो : आणखी खणू नका, वस्तू धुऊ-पुसू नका, सोनाराकडे नेऊ नका. जागेचा फोटो काढा आणि बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्या.