पाच खण, पण खांब चारच?

खटाव तालुक्यातल्या आपल्या वडिलोपार्जित घराचं जुनं वाटणीपत्र एका वाचकांच्या हाती लागलं. त्यात घराचं वर्णन ‘दुसोपी, पाच खणी’ असं आहे आणि ‘पूर्वेकडील अडीच खण धाकटे बंधू यांस’ असं पुढे लिहिलंय. ते विचारतात, खण म्हणजे खोली म्हणावी तर खोल्या इतक्या नाहीत, खांब म्हणावेत तर पुढच्या मोकळ्या सोप्यात चारच आहेत. मग हे पाच कोण?

खण म्हणजे खोली नाही आणि खांबही नाही. दोन तुळयांमधली मोकळी जागा म्हणजे खण. चार खांबांवर पाच खण कसे, हे बघायला सोप्यात उताणं पडावं आणि वर नजर लावावी. खांबांवर जाड तुळया टाकलेल्या दिसतील, त्यांच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर किलचणांची, म्हणजे बारीक लाकडी तुकड्यांची दाटी, आणि त्याच्यावर धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची पांढरी माती. तुळया मोजा, सहा भरतील. चार उघड्या खांबांवर चार, आणि दोन्ही टोकांना भिंतीलगत एकेक. त्या टोकाच्या तुळयांचे खांब भिंतीत गाडलेले असतात, म्हणून दिसत नाहीत. सहा तुळयांमध्ये गाळे पाच.

हे भिंतीतले खांब मला पहिल्यांदा दिसले ते आमच्या माण तालुक्यातल्या घरी. एका वर्षी परतीच्या पावसात पश्चिमेची भिंत रात्रीतून बसली. सकाळी पाहतो तर दगडमातीचा ढीग अंगणात, आणि जिथे भिंत होती तिथे एक खांब उघडा पडलेला, तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर सरळ उभा. वरची तुळई जागची हललेली नव्हती. आजी त्या ढिगाकडे बघून म्हणाली, “भिताड गेलं, घर हाय.” लाकडाच्या सांगाड्याचं घर म्हणजे काय, हे मला त्या वाक्यानं कळलं. छताचं ओझं खांब आणि तुळया पेलतात, भिंत आडोसा करते. मग घर मोजायचं तर भिंतींनी का मोजावं? ते लाकडांनीच मोजलं जाणार.

खणाला ठरलेली लांबी नाही. आमच्या सोप्यात मी टेप लावून पाहिला, साडेसहा फूट भरला. शेजारच्या घरात तो कमी आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात घरं धाब्याची, आणि मातीचं ते ओझं कड्यांवर येतं. कडीचं लाकूड लांब आणि जाड असेल तर खण रुंद धरता येतो, आखूड किंवा बारीक असेल तर तुळया जवळ घ्याव्या लागतात, नाहीतर कडी पोटात वाकते. म्हणून ‘पाच खणी’ या शब्दावरून घराचं क्षेत्रफळ काढू नये. लांबीला किती गाळे आहेत एवढंच तो सांगतो.

घरात राहणाऱ्यांना मात्र तो शब्द पत्त्यासारखा उपयोगी पडायचा. “मधल्या खणात हंडा ठिव, तितं गळतंय,” किंवा “पाव्हण्यांचं अंथरूण कडंच्या खणात टाक.” भिंत नसलेल्या लांबलचक सोप्यातली नेमकी जागा दाखवायला याहून सोपा शब्द नाही. टेबलाचा खण, कपाटाचा खण म्हणतो तोही याच अर्थाच्या पोटातला, एका चौकटीतला एक कप्पा.

जतकडे गेलात तर कानडी बोलणाऱ्या घरात हीच कल्पना ‘अंकण’ या शब्दात भेटेल. दोन खांबांमधला किंवा तुळयांमधला गाळा म्हणजे अंकण, आणि घर इतक्या अंकणांचं. वर्तमानपत्रातल्या स्तंभालाही कानडीत अंकणच म्हणतात. तेलुगूत त्याचं अंकणम् झालं आणि आंध्रात काही भागांत ते चक्क जमिनीचं माप होऊन बसलं. आपला खण घराबाहेर पडला नाही.

‘दुसोपी’चं थोडक्यात सांगतो. सोपा म्हणजे पुढची मोकळी, खांबांची बैठकीची जागा. एकामागं एक असे दोन सोपे असले की दुसोपी. चौसोपीचा अर्थ मात्र अनेकजण चार मजली असा घेतात, तो चुकीचा आहे. मधे चौक आणि त्याच्या चारही अंगांना सोपा, तो चौसोपी वाडा. वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे, तिथल्या चौकात उभं राहिलं की शब्द डोळ्यांनी समजतो.

आता ‘अडीच खण’. पाच खणांची दोघांत वाटणी म्हणजे रेघ मधल्या खणाच्या बरोबर मध्यावर येणार, जिथे वर तुळई नाही आणि खाली खांब नाही. सुताराला विचाराल तर अशी जागा भिंत घालायला वाईट, कारण माथ्यावर तिला धरून ठेवणारं दणकट लाकूडच नसतं. तरी भावांनी ती घातली असणार. तुमच्या घरातली मधली भिंत वर जाऊन कुठल्याही तुळईला न भेटता दोन तुळयांच्या मधेच कड्यांना टेकली असेल, तर ती मूळच्या घराची नाही. ती त्या वाटणीपत्रातली आहे.