'अश्वमीनातील सूच्याकार मज्जातंतू' म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे: मेंदूवरच्या एका अनुवादित लेखात 'अश्वमीनातील सूच्याकार मज्जातंतू स्मृती साठवतात, त्यांत गाठी झाल्यास स्मृतीभ्रंश होतो' असे वाक्य आले आहे. मुळात 'हिप्पोकॅम्पल पिरॅमिडल न्यूरॉन्स' असे शब्द होते (हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणींशी संबंधित एक भाग). ही मराठी संज्ञा चालेल का?

नाही चालणार. तिन्ही शब्द बदलावे लागतील, शिवाय 'साठवतात' आणि 'गाठी' हेही. शेवटच्या शब्दापासून मागे येऊ, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे आहे.

मज्जातंतू म्हणजे नर्व्ह. हजारो चेतापेशींचे लांब धागे एकत्र बांधून झालेली ती दोरी असते आणि ती मेंदूच्या व मज्जारज्जूच्या बाहेर, अंगभर फिरते. न्यूरॉन ही एक पेशी आहे. हिप्पोकॅम्पसच्या आत मज्जातंतू नसतातच, तिथे पेशी आहेत आणि त्यांचे धागे आहेत. म्हणून 'चेतापेशी' लिहावे, किंवा सरळ 'न्यूरॉन'. पेशीचे अंग सुमारे २० मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा. तिला मज्जातंतू म्हणणे म्हणजे सुताच्या एका धाग्याला कासरा म्हणण्यासारखे आहे.

'सूच्याकार' हा शब्द ज्याने निवडला त्याने विचार केलेला दिसतो. भूमितीत पिरॅमिडला 'सूची' म्हणतात, हे त्याला माहीत असावे. पण वाचकाच्या कानात सूची म्हणजे यादी, नाहीतर सुई. भूगोलातली 'सूचिपर्णी' झाडे आठवा: पाने सुईसारखी, म्हणून ते नाव. त्यामुळे 'सूच्याकार पेशी' वाचून डोळ्यांसमोर येते ती सुईसारखी बारीक पेशी, आणि ही पेशी तर बुडाशी चांगली रुंद असते. 'त्रिकोणी' शब्द जवळचा आहे, कारण सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ कापात ती तशीच दिसते. पण ते कापातले रूप झाले. पिरॅमिड हा शब्द मराठीत मुरलेला आहे, तोच ठेवावा आणि 'पिरॅमिड पेशी' म्हणावे. 'पिरॅमिडल'मधल्या 'ल'ची मराठीला गरज नाही. आपण दोन नामे शेजारी ठेवून हेच काम करतो.

रूपाचा तपशील सांगतो, म्हणजे नाव पटेल. टोकाकडून एक जाड फांदी निघते, बुडाच्या बाजूने अनेक बारीक फांद्या पसरतात, आणि बहुधा बुडातूनच एक लांब धागा, म्हणजे अक्षतंतू, बाहेर पडतो. फांद्यांवर बारीक काटे असतात आणि इतर पेशींचे संदेश बहुतांशी या काट्यांवर उतरतात. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या एका पिरॅमिड पेशीवर असे सुमारे ३०,००० काटे मोजले गेले आहेत. (इथे 'काटा' हाच शब्द उत्तम, 'कंटकिका' वगैरे करू नये.) गंमत म्हणजे हे पिरॅमिड नेहमी टोक वर करून उभे नसतात. मेंदूच्या बाहेरच्या थरात टोक पृष्ठभागाकडे असते, पण हिप्पोकॅम्पस हा गुंडाळलेला थर असल्यामुळे तिथे टोके गुंडाळीच्या आत वळतात, आणि नेहमीच्या उभ्या कापात वरच्या भागातल्या पेशी डोक्यावर उभ्या असल्यासारख्या दिसतात.

दोन सावधगिऱ्या. 'पिरॅमिडल ट्रॅक्ट' नावाचा जो मार्ग हालचालींचे संदेश मज्जारज्जूकडे नेतो, त्याचे नाव पिरॅमिड पेशींवरून आलेले नाही. लंबमज्जेच्या, म्हणजे मज्जारज्जूला जोडणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागाच्या, पुढच्या बाजूला पिरॅमिडसारखे दोन उंचवटे आहेत, त्यांतून तो जातो म्हणून ते नाव. डॉक्टर मंडळीही इथे घसरतात. दुसरे, 'स्थानपेशी' ही वेगळी जात नव्हे. उंदीर ठराविक जागी आला की हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी पेटतात, म्हणजे संदेश सोडू लागतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवले (२०१४ चे नोबेल त्यासाठीच). त्या पेशी म्हणजे याच पिरॅमिड पेशी; स्थान ओळखणे हे त्यांचे काम झाले.

आता अश्वमीन, म्हणजे समुद्रघोडा; 'हिप्पोकॅम्पस'चा मूळ अर्थ तोच. सोळाव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याचे शरीररचनातज्ज्ञ जुलिओ चेझारे अरान्झी यांनी मेंदूतल्या या वळलेल्या उंचवट्याला समुद्रघोड्याची उपमा दिली. रेशमाच्या किड्यासारखा दिसतो असेही त्यांना वाटत होते. ते नाव टिकले असते तर आज 'कोशकीटातील' असा अनुवाद वाचावा लागला असता. पुढे १७७९ मध्ये मायर नावाच्या लेखकाने चुकून 'हिप्पोपोटॅमस' लिहिले, इतरांनी ते उचलले, आणि १८२९ मध्ये बुर्दाख यांनी दुरुस्ती करेपर्यंत पाणघोडा मेंदूत ठाण मांडून होता. समुद्रघोडा आणि पाणघोडा यांची मराठीत गल्लत व्हायला तर काहीच वेळ लागणार नाही. त्यातून अश्वमीन म्हणजे खराखुरा मासा. मेंदूच्या भागाला 'हिप्पोकॅम्पस' हेच राहू द्यावे.

या भागाचे दुसरे नाव 'अ‍ॅमॉनचे शिंग'. इजिप्तच्या अ‍ॅमॉन देवाची मेंढ्यासारखी वळलेली शिंगे, त्यावरून. हिप्पोकॅम्पसच्या विभागांना सीए-१, सीए-२, सीए-३ म्हणतात; त्यांतले 'सीए' म्हणजे या नावाच्या लॅटिन रूपाची आद्याक्षरे. हे विभाग लोरेंते दे नो यांनी १९३४ मध्ये आखले. त्याच देवाच्या शिंगांवरून अमोनाइट या जीवाश्मांना नाव मिळाले, आणि गंडकीतून येणारे आपल्या देव्हाऱ्यातले शाळिग्राम हे अमोनाइटच. म्हणजे शाळिग्राम आणि सीए-१ नावाने चुलत भाऊ लागतात. रेबीजच्या जुन्या तपासणीतही हेच शिंग कापले जाई: कुत्र्याच्या मेंदूतल्या या पिरॅमिड पेशींत १९०३ मध्ये वर्णिलेले 'नेग्री पिंड', म्हणजे रेबीजची खूण असलेले बारीक कण, शोधत.

क्रियापदाकडे येऊ. 'साठवतात' म्हटले की कोठार डोळ्यांपुढे येते. हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग अपस्मारावर (आकडीच्या आजारावर) उपाय म्हणून १९५३ मध्ये काढला गेला. लहानपण त्यांना आठवत होते, नवे मात्र लक्षात राहीना. आरशात बघून चांदणी गिरवण्याचा सराव मात्र दिवसागणिक सुधारत गेला, आणि दर दिवशी त्यांना वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. मराठीत हा फरक आधीच बांधलेला आहे: एक 'लक्षात राहते', दुसरे 'अंगवळणी पडते'. हिप्पोकॅम्पसकडे पहिले खाते आहे. आर. बी. या नावाने नोंदलेल्या रुग्णाला १९७८ मध्ये मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर असेच विस्मरण जडले. मृत्यूनंतर पाहिले, तर स्मृतीशी संबंधित भागांत ठळक नुकसान होते ते दोन्ही बाजूंच्या सीए-१ मधल्या पिरॅमिड पेशींचेच. म्हणून 'नव्या आठवणी रुजवण्यासाठी लागतात' असे लिहावे.

सीए-३ मधल्या पेशी एकमेकींशी फार जोडलेल्या असतात. त्यामुळे आठवणीचा एक तुकडा मिळाला की बाकीचा जुळवता येतो. सुतावरून स्वर्ग गाठण्याचा हा धंदाच. पण याच जोडण्यांमुळे एकीने पेट घेतला की टोळकेच पेटते, आणि आकडी सुरू व्हायला हे ठिकाण सोयीचे होते. वारंवार येणाऱ्या आकडीत सीए-१ झिजतो, सीए-२ बराच तग धरतो, आणि मेलेल्या पेशींच्या जागी वण धरून भाग कडक होतो. रक्तपुरवठा काही मिनिटे थांबला तर सीए-१ च्या पेशी लगेच मरत नाहीत. ग्लुटामेट हे पेशींमध्ये संदेश नेणारे रसायन साचते, पेशीत कॅल्शियम बेसुमार शिरते आणि दोन-चार दिवसांनी त्या मरतात. अशा ठिकाणी 'तत्काळ नाश' लिहू नये.

'गाठी' हा शब्द तर धोक्याचाच. मराठी माणूस गाठ म्हटले की कर्करोग समजतो. अल्झायमरमध्ये पेशीच्या आत टाउ प्रथिनाच्या धाग्यांचा गुंता होतो, तेव्हा 'गुंता'च लिहावे. हा गुंता आधी शेजारच्या एंटोरायनल भागात दिसतो, मग सीए-१ मध्ये. आणि 'स्मृती' एकटी दीर्घ, पण समासात 'स्मृतिभ्रंश' ऱ्हस्व.

तर वाक्य असे व्हावे: 'नव्या आठवणी रुजण्यासाठी हिप्पोकॅम्पसमधल्या पिरॅमिड पेशी लागतात, अल्झायमरमध्ये त्यांच्या आत टाउ प्रथिनाचे गुंते होतात आणि स्मृतिभ्रंश वाढत जातो.' 'न्यूरॉन' वापरायचाच असेल तर तो पुल्लिंगी, आणि अनेकवचनही 'न्यूरॉन'च: एक न्यूरॉन, दहा न्यूरॉन. 'न्यूरॉन्सना' लिहिले तर एकाच शब्दावर दोन भाषांचे अनेकवचन चढते.